शुद्धिपत्र कोणी द्यायचे?

एस. वाय. बी. ए. (मराठी)

तांबड्या रंगाला आपल्या विद्यार्थिजीवनात फार मोठा मान आहे. पाटीवरून वहीवर आलो तेव्हापासून पानावर तांबडी शाई दिसली की काळजात धस्स होते. 'चूक' हा शब्द लिहिण्याचीही गुरुजींना गरज पडत नाही. शब्दाखाली एक रेघ ओढली की काम भागते. परंतु त्या रेघेमागे एक माणूस असतो. त्याला विचारता येते, "गुरुजी, हे चुकले कसे?" आणि गुरुजींनाही पटले तर ते स्वतःच्या हाताने रेघ खोडतात. आज ही तांबडी रेघ गुरुजींच्या हातातून यंत्राच्या हातात गेली आहे. यंत्राला प्रश्न कसा विचारायचा आणि त्याने ओढलेल्या रेघेला किती मान द्यायचा, याचा विचार आपण, विशेषतः मराठी लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी, केला पाहिजे असे मला वाटते.

संगणकावर मजकूर लिहिण्याच्या साधनाला एडिटर म्हणतात. पत्र, निबंध, प्रकल्प लिहिण्याचा एडिटर वेगळा आणि संगणकाला आज्ञा देणारे प्रोग्राम लिहिण्याचा वेगळा. बी. ए. करता करता मी संगणकाच्या एका छोट्या वर्गालाही जाते. तेथे हा दुसऱ्या प्रकारचा एडिटर प्रथम पाहिला. त्यात आपण लिहू लागलो की अक्षरे आपोआप रंगतात. आज्ञेचे शब्द निळे, अवतरणचिन्हांतील मजकूर हिरवा, आकडे आणखी तिसऱ्याच रंगाचे. नवख्या माणसाला याचा मोठा आधार वाटतो. रंग आला म्हणजे आपले बरोबर, रंग आला नाही म्हणजे काही तरी बिघडले, अशी मनाची समजूत होऊन बसते.

आता गंमत पाहा. हे रंग आपण लिहिलेल्या मजकुरात नसतातच! प्रोग्रामची फाईल जतन केली तर तिच्यात फक्त अक्षरे उतरतात. तीच फाईल दुसऱ्या एडिटरमध्ये उघडली तर रंग निराळे दिसतात, आणि तिसऱ्यात मुळीच दिसत नाहीत. प्रोग्राम प्रत्यक्ष चालवणारे यंत्र या रंगांकडे ढुंकूनही पाहत नाही. मग रंग येतात कोठून? एडिटरच्या तयार पुडक्याबरोबर नियमांची एक यादी येते. अमुक शब्द दिसला तर निळा कर, अवतरणचिन्ह दिसले तर पुढचे चिन्ह येईपर्यंत सारे हिरवे कर, असे ते नियम असतात. एडिटरला वाक्याचा अर्थ कळत नाही. तो केवळ अक्षरांचे ठसे ओळखतो.

म्हणून हे रंग चुकतात, आणि पुष्कळदा चुकतात. एखादे अवतरणचिन्ह त्याला नीट उमगले नाही तर तेथून खालची पानेच्या पाने हिरवी होऊन जातात. लिहिणाऱ्याचे काही चुकलेले नसते. चूक रंगाऱ्याची असते. दुसरे असे की, भाषा पुढे जाते आणि पुडक्यातील यादी मागे राहते. पायथन नावाच्या प्रोग्रामच्या भाषेत २०२१ साली आलेल्या ३.१० या आवृत्तीत 'मॅच' ही नवी आज्ञा आली. त्याआधी बांधलेल्या एडिटरला ती ठाऊक असणार कशी? तो तिला रंग देत नाही. पण नव्या आवृत्तीवर प्रोग्राम मात्र बिनतक्रार चालतो. म्हणजे वाक्य शुद्ध आणि रंग अशुद्ध!

या चुकांत आपल्या गावाच्या नावाचीही एक चूक सापडते. पायथनच्या तिसऱ्या पिढीत, म्हणजे २००८ पासून, देवनागरी अक्षरांत नावे ठेवण्याची मुभा आहे. एखाद्या राशीला 'आळे' असे नाव दिले तर भाषा ते निमूटपणे मान्य करते. परंतु त्याच भाषेत मजकुरातून शब्द शोधून काढण्याची जी ठराविक खूण आहे, तिच्या हिशेबी काना, मात्रा, वेलांटी, उकार ही 'अक्षरे'च नव्हेत. त्या खुणेने 'आळे' शोधायला गेले तर हाती लागते 'आळ'. एक मात्रा गळाली आणि गावाचा आळ झाला! कोणीही हे करून पाहावे. ज्या रंगकामाचे नियम अशा खुणेवर विसंबून असतात, त्यांना आपला शब्द अर्ध्यावर तुटलेला दिसतो. काही नियमांत तर रोमन 'ए' ते 'झेड' एवढीच अक्षरे धरलेली असतात. त्यांच्या लेखी आपली सारी बाराखडी म्हणजे नुसती चिन्हे. यात कोणाचा दुष्टावा आहे असे मी म्हणत नाही. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मराठी नव्हती, इतकेच. पण आपल्यावर आळ यायचा तो आलाच.

कोणी म्हणेल, "तू कला शाखेची. प्रोग्रामच्या रंगांशी आपल्याला काय करायचे?" मित्रांनो, तोच रंगारी आपल्या निबंधाच्या एडिटरमध्येही बसलेला आहे. तेथे तो निळा-हिरवा रंग देत नाही, शब्दाखाली तांबडी नागमोडी रेघ ओढतो. आणि तेथील नुकसान अधिक मोठे आहे. प्रोग्रामचा रंग चुकला तरी प्रोग्राम चालवून पाहता येतो आणि खरेखोटे लगेच कळते. मराठी वाक्य 'चालवून' पाहण्याचे यंत्र नाही. तेथे रेघेचा शब्द हाच शेवटचा शब्द ठरतो.

आमच्या वर्गातील एकाने शेतीवर प्रकल्प लिहिला. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या बाजरी पेरतात. त्याने लिहिले होते, "जमिनीला वाफसा आला की पाभर चालवतात." वाक्य सरळ आहे. पाऊस पडून गेल्यावर जमीन चिखलही नाही आणि कोरडीही नाही, औत चालेल आणि दाणा रुजेल इतकीच ओल आहे, अशी जी नेमकी अवस्था, तिला वाफसा म्हणतात. पाभर म्हणजे पेरणीचे औजार. या दोन्ही शब्दांखाली यंत्राने तांबड्या रेघा ओढल्या आणि शेजारी 'योग्य' शब्द सुचवले. त्याने ते निमूटपणे स्वीकारले. छापून आलेले वाक्य असे होते : "जमिनीला वारसा आला की पामर चालवतात."

आम्ही पोट धरून हसलो. पण मागाहून मला हसू येईना. ज्या मुलाला वाफसा पायाच्या तळव्याने कळतो, त्याने तो शब्द खोडावा आणि ज्या यंत्राने शेत पाहिले नाही त्याचा शब्द घ्यावा, हे घडले कसे? मी विचारले तर तो म्हणाला, "अगं, घरातलेच शब्द आहेत ते. म्हटलं, गावठी असतील. कॉम्प्युटरला जास्त कळत असेल." वाफसा देऊन त्याने वारसा घेतला. खरे तर वाफसा हाच त्याचा वारसा होता.

यंत्राला हा शब्द का ठाऊक नव्हता? कारण त्याच्यापाशी असते ती एक शब्दयादी. यादीत शब्द आहे तर रेघ नाही, यादीत नाही तर रेघ. आणि मराठीसारख्या भाषेची यादी करणे सोपे नाही. इंग्रजीत 'घर' या अर्थाच्या शब्दाची रूपे एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. आपल्याकडे घर, घरी, घराला, घराने, घराचा, घरात, घरातला, घरातल्या, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा अशी रांग लागते. प्रत्येक नामाची अशी रांग. सारी रूपे यादीत कोण भरणार? म्हणून मूळ शब्द वेगळा ठेवून त्याला कोणते प्रत्यय कसे लागतात याचे नियम यंत्राला शिकवावे लागतात. लिबर ऑफिस, फायरफॉक्स यांत शब्द तपासणारे 'हन्स्पेल' नावाचे साधन असते. ते हंगेरीच्या नेमेथ लास्लो यांनी तयार केले. हंगेरियन भाषेतही प्रत्ययांवर प्रत्यय चढतात. इंग्रजीच्या मापाचे साधन आपल्या भाषेला पुरत नाही हे दिसल्यावर त्या माणसाने कुरकुर केली नाही, स्वतःच्या भाषेच्या मापाचे साधन घडवले. आणि आज ते जगातील कितीतरी भाषांच्या उपयोगी पडते आहे. ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

माझा मुख्य आक्षेप मात्र यादी अपुरी आहे हा नाही. कोणतीही यादी अपुरीच असणार. माझा आक्षेप असा की, यंत्रापाशी दोन अगदी निराळ्या गोष्टींसाठी एकच रंग आहे. 'हे चूक आहे' ही एक गोष्ट; आणि 'हे मला ठाऊक नाही' ही दुसरी. 'परिक्षा' असे लिहिले तर ते चूकच. तेथे 'परीक्षा' हवे. 'वाफसा' लिहिले तर चूक काही नाही. यंत्राला शब्द माहीत नाही, एवढेच. पण दोन्हींखाली रेघ तीच, तांबडी तीच. एखाद्या विद्वानाने आपल्याला न कळलेल्या प्रत्येक गोष्टीला 'चूक, चूक' म्हणावे तर आपण त्याला विद्वान म्हणू का? आपले चांगले अध्यापक कित्येकदा वर्गात स्पष्ट सांगतात, "मला हे माहीत नाही, पाहून सांगतो." त्या एका वाक्यामुळे त्यांच्याबद्दलचा आदर वाढतो. यंत्राला ते वाक्य कोणी शिकवलेले नाही.

उलट बाजूही पाहावी. रेघ नाही म्हणजे सारे शुद्ध, असेही नव्हे. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. दोन्ही शब्द यादीत असतात. म्हणून कोणी "१ मे हा महाराष्ट्र दीन" असे लिहिले तरी यंत्र हूं की चूं करत नाही! 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा. आईने चरख्यावर सुत कातला असे लिहिले तरी यंत्राचे त्यालाही अनुमोदन. ज्याला 'दारे धरणे' म्हणजे रात्री-अपरात्री शेतात उभे राहून पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवणे, हे माहीत नाही, तो यंत्रासारखाच त्या दोन शब्दांवरून सुखाने पुढे जाईल. अर्थ मात्र मागेच राहील.

आता कोणी म्हणेल की ही मुलगी शुद्धलेखनाविरुद्ध बंड पुकारते आहे. मुळीच नाही. शुद्धलेखनाचे नियम मला हवे आहेत. एका गावचे लिहिणे दुसऱ्या गावच्याला अडखळल्याशिवाय वाचता यावे यासाठी ते आहेत. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये १४ नियम केले, १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली, आणि शासनानेही ते स्वीकारले. माणसांनी बसून, वाद घालून, पूर्वीचे कित्येक अनुस्वार कमी करून हे नियम ठरवले. आणि पाहा, त्या नियमांतही किती समजूतदारपणा आहे! पात्राच्या तोंडचे बोलणे त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहिण्याची त्यांत मोकळीक आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीच्या गद्यातील आणि केशवसुतांच्या पूर्वीच्या पद्यातील उतारे मूळ असतील तसेच छापावेत, असेही त्यांत सांगितले आहे. म्हणजे नियम करणाऱ्यांना ठाऊक होते की नियमाच्या बाहेरही भाषा असते आणि तिचाही मान राखायचा असतो. यंत्राला हा विवेक नाही. कथेतील आजीचे बोलणे असो की जुन्या बखरीतील उतारा असो, त्याची रेघ सर्वांना सारखीच.

ही गोष्ट शहरातल्या मुलांपेक्षा आपल्याला अधिक बाधते. ज्यांच्या घरी दोन पिढ्या पुस्तके आहेत, त्यांच्या शब्दाखाली रेघ आली तर वडील म्हणतात, "सोड रे, त्याला काय कळतं?" माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या आईला अक्षरओळख बेताची. पण कांद्याच्या रोपाला, पाण्याच्या पाळीला, आभाळाच्या रंगाला तिच्यापाशी जेवढे शब्द आहेत तेवढे मला पाठ्यपुस्तकांत सापडलेले नाहीत. हे शब्द मी लिहू लागते तेव्हा पान तांबडे होते. आणि आधीच मनात भीती असते, की आपले बोलणे चारचौघांत शोभेल का? त्या भीतीवर यंत्र येऊन शिक्का मारते. मग हळूहळू आपण तेच शब्द वापरतो ज्यांच्याखाली रेघ येत नाही. भाषा शुद्ध होत नाही. ती नुसती लहान होते.

आळ्याच्या मुलांना तरी ही गोष्ट वेगळी सांगायला नको. आपल्या गावी रेड्याची समाधी आहे. संन्याशाची मुले म्हणून ज्ञानेश्वरादी भावंडांना वाळीत टाकले गेले आणि शुद्धिपत्र आणण्यासाठी त्यांना पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे जावे लागले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. तेथे ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले आणि परतीच्या वाटेवर त्या रेड्याने आळ्याला देह ठेवला, अशी श्रद्धा आहे. कथेतील चमत्कार ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मला तिच्यातील एक प्रश्न मोलाचा वाटतो : शुद्ध कोण आणि अशुद्ध कोण हे ठरवण्याचा अधिकार ज्यांनी आपल्याकडे घेतला, त्यांना तो कोणी दिला? ज्याला शुद्धिपत्र मागायला लावले त्याच मुलाने पुढे शके १२१२ मध्ये लोकांच्या मराठीत ज्ञानेश्वरी सांगितली. आणि आज कोणी तिची पाने एडिटरमध्ये उतरवून पाहावीत. ओवीओवीखाली तांबड्या रेघांची नक्षी उमटेल!

मग करायचे काय? यंत्र फेकून द्यायचे का? नाही. त्याने माझी 'आशिर्वाद' ही चूक नसती दाखवली तर दुसऱ्या कोणाला दाखवावी लागली असती, असे म्हणणारे माझे कितीतरी मित्र आहेत, आणि ते खरेच आहे. ज्याला घरी विचारायला कोणी नाही त्याला हा सोबती उपयोगाचा आहे. फक्त त्याला सोबती मानावे, न्यायाधीश मानू नये. रेघ आली की तिचा अर्थ 'थांब, एकदा पाहा' एवढाच घ्यावा. पाहायचे कोठे? आपल्या ग्रंथालयात, कोशांत. मोल्सवर्थच्या मराठी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची. दुसऱ्या आवृत्तीत शब्द ६०,००० च्या घरात गेले. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला. या लोकांपाशी संगणक नव्हते. पण गावोगावचे शब्द गोळा करण्याचा ध्यास होता. कोशातही नसेल तर आईला, आजोबांना विचारावे. शब्दाची साक्ष तोच देईल जो तो वापरतो.

साध्या साध्या गोष्टीही पुष्कळ करता येतील. एडिटरमध्ये भाषा 'हिंदी' ठेवलेली असली तर ती 'मराठी' करावी. नाहीतर 'आहे' आणि 'नाही' सुद्धा बिचारे परके ठरतात. लिपी एक असली म्हणून भाषा एक होत नाही, हे यंत्राला आपणच सांगायचे असते. खात्रीचा शब्द असेल तर 'शब्दकोशात जोडा' म्हणावे. अध्यापकांना नम्र विनंती अशी की, प्रकल्प तपासताना "तांबड्या रेघा काढून आणा" असे सरसकट सांगू नये. "प्रत्येक रेघेचे कारण सांगा" असे सांगावे. त्यातून शुद्धलेखनही येईल आणि शब्दही वाचतील.

पण खरे काम याहून मोठे आहे. एका संगणकावर जोडलेला शब्द त्या संगणकातच राहतो. हन्स्पेलसारख्या साधनाच्या शब्दयाद्या खुल्या असतात. मराठी विक्शनरीसारखा कोश तर कोणालाही लिहिण्यासाठी मोकळा आहे. आपल्या वर्गातील प्रत्येकाने घरून दहा शब्द आणायचे ठरवले, तर साठ जणांच्या वर्गात सहाशे शब्द होतील. शेताचे, स्वयंपाकघराचे, गोठ्याचे, बाजाराचे, नारायणगावच्या तमाशाच्या फडांचे. प्रत्येक शब्दापुढे अर्थ, एक वाक्य आणि तो कोणत्या गावी ऐकला ते लिहायचे. मराठी विभागाने तपासायचे, वाद घालायचे, आणि मग ते खुल्या कोशाकडे पाठवायचे. आपल्या तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातील अतिशय क्षीण लहरी टिपत असतात. आपल्याला तर फक्त ओट्यावर बसलेल्या आजीचे शब्द टिपायचे आहेत!

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटले गेले, भाषणे झाली. ते योग्यच झाले. परंतु दर्जा दिल्लीने दिला तरी शब्द दिल्ली देणार नाही. यंत्राच्या यादीत 'वाफसा' येईल तो कोणीतरी लिहून पाठवल्यावरच. तो कोणीतरी म्हणजे आपण का नसावे? पुढील सत्राच्या पहिल्या आठवड्यात मराठी विभागात एक जाड वही ठेवण्याची परवानगी मी मागणार आहे. पहिल्या पानावर 'वाफसा' आणि 'पाभर' हे दोन शब्द असतील. तिसरा शब्द तुम्ही आणा.